बिनबांधाचा मुलूख

पणदऱ्याच्या दत्तोबांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं एका बांधावरून वाकडं होतं. बांध तो केवढा, दोन माणसं जोडीनं चालली तर एकाचा पाय उसात पडायचा. पण त्यापायी मोजण्या झाल्या, बारामतीच्या कोर्टात तारखा पडल्या, पोरांच्या लग्नात दोन्ही घरांनी एकमेकांना पाठ दाखवली. दत्तोबा मूळचे तिरसट नव्हते. पण रोज सकाळी उठून पहिली नजर बांधावर टाकायची, कुणी तो कोरलाय का ते बघायचं, असं ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस जसा होईल तसे ते झाले होते. घरात शब्द त्यांचा. बायको विजयमाला लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं तो कधी मोडला नव्हता. मोडावासा वाटला असेल, पण तसं कुणाला कळू दिलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात दत्तोबांनी टीव्हीवर मंगोलियाचा एक कार्यक्रम पाहिला. आभाळाला टेकेपर्यंत नुसतं गवत, त्यात सुटलेली घोडी, मेंढरांचे कळप, मधेच एखादा पांढरा गोल तंबू. कार्यक्रम संपल्यावरही ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "ह्यांच्यात बांधच न्हाय."

इंदापूरचे आप्पासाहेब त्यांच्या ओळखीतले. दूधसंघाचे जुने संचालक, दोनदा परदेशी जाऊन आलेले, आणि पुण्याच्या एका कंपनीतर्फे आपल्या भागातली माणसं गोळा करून सहली नेण्याची त्यांना हौस. त्या वर्षी ते चीन आणि मंगोलिया करणार होते. दत्तोबांनी जाऊन नाव घातलं. विजयमालेला हे कळलं ते बारामतीच्या फोटो स्टुडिओत, पासपोर्टच्या फोटोसाठी खुर्चीवर बसवल्यावर. तिनं विचारलं, मी कशाला? तर म्हणाले, माझ्या खाण्यापिण्याचं कोण बघणार? मुलगा विजयसिंह हसला. सून रेश्मानं सासूसाठी नवे बूट आणले, आणि जन्मात चपलेपलीकडं न गेलेली विजयमाला महिनाभर ते घालून गोठ्यापर्यंत चालायची सवय करत राहिली.

चीन घाईघाईत झालं. मंगोलियाच्या राजधानीतून दोन जीपगाड्या दक्षिणेकडं निघाल्या. रस्ता असा नव्हताच. मातीवर चाकांच्या रेघा होत्या, ड्रायव्हर त्यातली मनाला येईल ती धरायचा. बरोबरचा वाटाड्या बातार हा तिथलाच, पण दिल्लीला शिकलेला, त्यामुळं हिंदी चांगलं बोलायचा. मुक्काम मेंढपाळांच्या तंबूत. तंबूला तिकडं गेर म्हणतात. आतून लाकडी जाळीचा सांगाडा, वरून घोंगडीपेक्षा जाड लोकरीचे थर, मधोमध लोखंडी चूल आणि तिचं धुराडं छपरातल्या भोकातून बाहेर. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बातारनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही आणि चुलीत कचरा टाकायचा नाही. विजयमालेला त्याचं नवल वाटलं नाही. तिच्या आईनंही तेच शिकवलं होतं.

नवल वाटलं ते नवऱ्याचं. दत्तोबा सकाळी गेरबाहेर येत आणि हात मागं बांधून उभे राहत. बातारला विचारत, हे रान कुणाचं? बातार तो प्रश्न मेंढपाळांना विचारायचा आणि ते हसायचे. त्यांना प्रश्नच कळत नसे. एकदा गेरमध्ये दोघंच होते. डाव्या अंगाला त्यांची खाट, उजव्या अंगाला तिची. चहाची वाटी हातात धरून ते म्हणाले, "भावाला दाखवाय पायजे हुतं हे." एवढंच. पण त्या भावाचं नाव घरात काढायची सोय नव्हती, आणि इतक्या वर्षांत ते आपणहून तिला काही सांगताहेत असं कधी झालं नव्हतं. तिनं नुसती मान हलवली. नंतर तिला वाटलं, आपण काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

शेवटचा मोठा मुक्काम वाळूच्या डोंगरांजवळ होता. तिथलं कुटुंब गरिबीला आलेलं. घरधनीण दुलमा, साठीच्या आतबाहेरची, रुंद चेहऱ्याची, आणि तिचा म्हातारा नवरा. एका हिवाळ्यात बर्फ असा बसला की त्यांची निम्म्यावर जनावरं उभ्या जागी मेली. त्यांचे सांगाडे अजून विहिरीच्या अलीकडं पडलेले होते, उन्हानं पांढरेफटक. घोड्याच्या एका कवटीत गवत उगवलेलं. दत्तोबा त्या हाडांजवळ बराच वेळ उभे राहिले. परत आले ते डावा खांदा चोळत.

"काय हुतंय?" तिनं विचारलं.

गॅस झालाय म्हणाले. मटणाची चरबी सोसत नाही. तिनं जवळचा ओवा दिला, तो त्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मंडळी वाळूच्या डोंगरावर जायला निघाली तेव्हा दत्तोबा उठले नाहीत. चेहरा मेणासारखा दिसत होता, पण ताप नव्हता. तिनं म्हटलं, मीपण राहते.

"तू हितं बसून काय करणार? मला काय धरलंय? जा."

ती जराशी घुटमळली. पुन्हा एकदा, आणखी जोर लावून म्हणाली असती तर ते रागावले असते, आणि ती राहिली असती. तेवढं ती म्हणाली नाही. कारण तिला जायचं होतं. काल जीपमधून तिनं ते डोंगर पाहिले होते, सोन्यासारखे पिवळे, वाऱ्यानं धार काढलेले. दुलमानं छातीवर हात ठेवून खूण केली, मी बघते. विजयमाला जीपमध्ये जाऊन बसली आणि गाडी सुरू झाल्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही.

डोंगर चढताना पाऊल टाकावं तेवढंच मागं घसरायचं. पुरुष मंडळी मधेच धापा टाकत बसली. आप्पासाहेबांच्या पत्नी सरुबाई अंगानं स्थूल, पण हौशी. त्यांनी विजयमालेचा हात धरून तिला ओढत माथ्यापर्यंत नेलं. वर वारा होता. खाली पलीकडच्या अंगाला नुसतं रान, माणसाची एक खूण नाही. सरुबाई वाळूवर बसल्या आणि लहान पोरीसारख्या घसरत खाली निघाल्या. त्या घसरल्या तशी सगळी उतरण घुमायला लागली, पोटातून निघावा तसा खोल आवाज. विजयमालेनं पदर खोचला, बसली आणि स्वतःला सोडून दिलं. वाळू तिच्याभोवती वाहत होती, आवाज अंगातून जात होता, आणि ती हसत होती. तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. खाली पोचल्यावर ती पुन्हा वर चढली. पुन्हा घसरली. कुणी हाक मारली नाही, कुणी विचारलं नाही की चहा झाला का. आपल्याला इतकं हसता येतं हे तिला माहीत नव्हतं.

ऊन कलल्यावर जीप परतली. दुलमा गेरच्या बाहेर उभी होती. इतर उतरले त्यांच्याकडं तिनं पाहिलंही नाही. सरळ विजयमालेकडं आली आणि तिचे दोन्ही हात कोपरापाशी खालून धरले. तेवढ्यावरून विजयमालेला कळलं. तरी ती दारातून वाकून आत गेली.

दत्तोबा खाटेवर होते. तोंड पुसलेलं, डोळे मिटवलेले. उशाशी तिकडच्या रीतीचा मानाचा, निळ्या रेशमाचा एक लांब रुमाल ठेवलेला होता. विजयमाला खाली बसली. तिच्या लुगड्याच्या घडीतून वाळू जमिनीवर सांडत होती आणि ती थांबेना. ती हातानं गोळा करायला लागली, तेव्हा सरुबाईंनी तिचा हात धरला.

दुलमा सांगत गेली आणि बातार हिंदीतून समजावत गेला. दुपारी ते बाहेर यायला उठले आणि दारातच कोसळले. तिनं आणि म्हाताऱ्यानं त्यांना उचलून खाटेवर ठेवलं. म्हातारा घोड्यावरून डॉक्टरला आणायला निघाला, पण तालुक्याचं गाव लांब. ती एकटी त्यांच्यापाशी बसली. दुधाच्या चहाचे दोनचार थेंब तोंडात घातले, ते गिळले. तिचा हात त्यांनी घट्ट धरला होता. आणि ते एकच शब्द म्हणत होते, पुन्हा पुन्हा, आवाज बसेपर्यंत.

बातार थांबला. मग म्हणाला, ती विचारतेय, 'अगं' म्हणजे काय? तुमच्या देवाचं नाव आहे का?

दत्तोबांनी जन्मात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. गोठ्यातून, उसातून, ओट्यावरून, हाक एकच.

"व्हय म्हणावं," आप्पासाहेब म्हणाले. "देवाचंच नाव हाय."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. हृदय बंद पडलं, म्हणाला, आणि कागद करून दिला. मग तो बातारला बाजूला घेऊन बोलला. ऊन कडक होतं. राजधानीपर्यंतचा रस्ता तसा. विमान येतं ते लहान, प्रेत घेत नाही. बातारनं तालुक्याच्या गावातून फोन लावून राजधानीला निरोप दिला, तिथून पुण्याला, पुण्याहून पणदऱ्याला. उलट निरोप यायला वाटच नव्हती. आप्पासाहेबांनी मंडळींशी विचार केला आणि विजयमालेला येऊन सांगितलं, इथल्या रीतीनं पुरूया, घरी गेल्यावर विजयसिंह विधी करील, भटजी मार्ग काढतात.

"पुरायचं न्हाय," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी समजूत घातली. इथं झाड नाही, झुडूप नाही, जाळायचं कशानं? तिनं गेरच्या मागं बोट दाखवलं. तिथं दुलमाच्या घरचं हिवाळ्याचं जळण रचून ठेवलेलं होतं, वाळलेलं शेण.

मागायची वेळ आली तेव्हा म्हातारा कचरला. त्यांच्यात आगीला देव मानतात. तिच्यात घाण टाकत नाहीत, आणि माणूस जाळणं तर त्यानं कधी पाहिलं नव्हतं. शिवाय ते जळण गेलं तर बर्फात काय जाळायचं, हे तो बोलला नाही, पण सगळ्यांना दिसत होतं. दुलमानं त्याला काहीतरी सांगितलं, हळू, रागानं नव्हे. म्हातारा उठला आणि उंटाला गाडी जुंपायला गेला. विहिरीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एवढंच त्यानं घातलेलं बंधन. शेणाबरोबर एका मोडक्या गेरच्या काठ्या दिल्या आणि लोण्याचा डबा. स्वतः मात्र तिकडं फिरकला नाही.

पुरुषांनी रचलं. विजयमालेनं आजवर कधी सरण पाहिलं नव्हतं; पणदऱ्याला बायका वेशीपासून मागं फिरतात. अग्नी मी देतो, आप्पासाहेब म्हणाले, मी भावासारखाच. बाईमाणसानं...

"हितं त्यांचं कोण हाय?" ती म्हणाली. "मीच हाय."

पेटायला वेळ लागला. एकदा पेटल्यावर मात्र ज्वाळा नाही, नुसता लाल निखारा, आतल्या आत धुमसणारा, दिवसभर. मंडळी जीपच्या सावलीत बसली. ती उन्हातच उभी राहिली. वारा फिरला की धूर तिच्या तोंडावर यायचा. ती सरकली नाही. दुलमा काही अंतरावर जमिनीवर बसून होती, तिनं शेवटपर्यंत पाठ फिरवली नाही.

परतीच्या वाटेवर एक मठ होता, सहलीच्या पत्रिकेत आधीच ठरलेला. जावं की न जावं यावर माणसं जीपमागं उभी राहून दबक्या आवाजात बोलली. वाटेतच आहे, मुद्दाम वळायला नको, असं ठरलं. विजयमाला मांडीवर अस्थींचा डबा घेऊन गाडीत बसून राहिली. मंडळी फोटो काढून तासाभरानं आली. कुणी तिच्याकडं बघेना, आणि तिलाही त्यांचा राग आला नाही. ती तरी कोणत्या तोंडानं रागावणार होती?

विमानात आप्पासाहेब तिच्या शेजारी येऊन बसले. माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तुम्ही त्या दिवशी त्यांच्यापाशीच होता. अखेरचं पाणी तुमच्या हातानं गेलं. गावात दुसरं काही सांगायचं नाही, पोराला तर मुळीच नाही. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. घरी जाऊन पाहते तर ही गोष्ट तिच्या आधीच पणदऱ्याला पोचली होती.

विजयसिंह तिला घ्यायला आला तेव्हा त्यानं डबा घेतला आणि एकच विचारलं, माझी वाट का बघितली नाही? ती म्हणाली, ऊन लई हुतं. बापाला अग्नी द्यायचा राहिला, हे त्याच्या मनात काट्यासारखं रुतलं, आणि चारचौघांत कुणी 'बाईनं दिला' म्हणून कुजबुजलं की तो उठून जायचा. अस्थी त्यानं नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर सोडल्या. तिकडून येताना गाडीत तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता.

बांधापलीकडचा दीर दहाव्याला आला, लांबच उभा राहिला. विजयमालेनं त्याला गाठून सांगितलं, तुमचे भाऊ तिकडं म्हणाले, भावाला दाखवाय पायजे हुतं हे. त्यानं ऐकलं. "आता काय," म्हणाला, आणि टोपी सारखी करून निघून गेला. खटला पुढं विजयसिंहानं चालवला.

घरी येणाऱ्या बायका तिच्या पायाला हात लावायच्या. भाग्याची, म्हणायच्या, परमुलखात नवऱ्याला एकटं सोडलं नाही. तिला कळेना की हात कुठं ठेवावेत. रेश्मा तिला कामाला लावत नसे. ती आपणहून गोठ्यात जाऊन शेण काढत बसायची, कारण तिथं कुणी बोलायला येत नव्हतं.

वर्षश्राद्धाला मोठं जेवण झालं. आप्पासाहेब सरुबाईंना घेऊन इंदापूरहून आले होते. पंगतीआधी ते चार शब्द बोलले आणि त्यात अखेरच्या घोटाचं आलंच. सरुबाई मान खाली घालून बसल्या. पाहुणे गेल्यावर, ऊन ओसरीवरून उतरत असताना, विजयसिंह आईजवळ येऊन बसला. किती दिवसांनी तो असा बसला होता.

"आई, तू अग्नी दिलास त्याचा मला राग हुता," तो म्हणाला. "वरीसभर धरून बसलो. पर तू हुतीस त्यांच्यापाशी. तुझ्या हातचं पाणी प्याले त्ये. मला तेवढं पुरं हाय."

त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला तो हात तसाच राहू द्यायचा होता. थोडा वेळ तिनं राहूही दिला.

"मी न्हवते," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"मी जवळ न्हवते. वाळूच्या डोंगरावर गेलते. पाणी त्या बाईनं पाजलं. मी वरनं खाली घसरत हुते. हसत हुते, विजू."

तो बघत राहिला. दारात रेश्मा ताट घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

"त्यांनी हाक मारली तुला?"

नाही म्हणता आलं असतं. तिनं पुष्कळ वेळा मनात ते म्हणून पाहिलं होतं.

"मारली. आवाज जाईपतोर मारत हुते, म्हणं."

विजयसिंहानं हात काढून घेतला, झटक्यानं नव्हे, सावकाश. चप्पल घालून तो मळ्याकडं गेला आणि दिवे लागल्यावर परत आला. रेश्मानं ताटं वाढली. तो जेवायला बसला, दोन घास खाल्ले, आणि मग आईकडं न बघता म्हणाला, "तुमी जेवला का?"

रेश्मानं मान वर करून पाहिलं. विजयमालेला आधी वाटलं, तो दुसऱ्या कुणाला विचारतोय. पोटचं पोर, लहानपणापासून अगं-तुगं करणारं. मग ती म्हणाली, जेवते नंतर.

तो वाईट वागला नाही. कधी आवाज चढवला नाही, कुणापाशी ते बोलला नाही. थंडीत तिला नवी रग आणली. नातवंडांना सांगायचा, आजीला त्रास देऊ नका. पण 'तुमी' काही गेलं नाही. पहिल्यांदा ती चमकायची; पुढं चमकायची सोडून दिली. रेश्मानं एकदा त्याला हळूच म्हणून पाहिलं, तर तो म्हणाला, मोठ्यांना मान द्यावा. त्यावर कोण काय बोलणार?

तिची दृष्टी अधू झाली तेव्हा त्यानं कामं टाकून तिला बारामतीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाईनं विचारलं, आजी, बरोबर कोण आहे? मुलगा हाय, ती म्हणाली. विजयसिंहानं तिचा दंड धरून तिला बाकावर बसवलं, पाठीमागं पिशवी ठेवली, पंखा चालू आहे का पाहिलं.

"तुमी हितं बसा," तो म्हणाला. "मी गाडी लावून येतो."

ती बसली.